वळचणीखालून की डोंगरावरून?

अकराव्या शतकातल्या एका चिनी भांडणाने मला कित्येक वर्षं धरून ठेवलं आहे. भांडण एकतर्फी होतं, कारण ज्याच्याशी भांडायचं तो चित्रकार ली छंग ९६७ सालीच वारला होता. निसर्गचित्रांतला हा मोठा माणूस. डोंगरावरचे मनोरे आणि मंडप काढताना तो त्यांची वळचण खालून दिसते तशी काढायचा, अगदी वासे दाखवून. जमिनीवर उभ्या माणसाला तसंच दिसतं, हे त्याचं कारण.

शन कुओ हा सोंग दरबारातला अधिकारी, खगोल आणि गणित जाणणारा. १०८८च्या सुमारास लिहिलेल्या टिपणांत त्याने ली छंगला धारेवर धरलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : खऱ्या डोंगराकडे पायथ्यावरून पाहाल तर एकच रांग दिसेल. मागच्या रांगा, मधली दरी, घराच्या परसात चाललेली हालचाल, सगळं झाकलं जाईल. बागेतला कृत्रिम डोंगर आपण वरून, सगळीकडून न्याहाळतो, तसंच मोठं निसर्गदृश्य लहान करून पाहावं.

या भांडणाचं महत्त्व मला फार वाटतं. चिनी चित्रकारांना यथार्थदर्शन, म्हणजे एका जागी उभं राहून दिसतं तसं अंतर दाखवायची रीत, सापडलंच नाही, असं आपल्याकडे अजून शिकवलं जातं. ली छंग त्या वाटेवर पाऊल टाकून बसला होता, फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने यथार्थदर्शनाचा प्रयोग करण्याच्या साडेचारशे वर्षं आधी. ती वाट दिसली, तिच्यावर वाद झाला आणि जाणत्यांनी ती नाकारली. त्याच शतकात क्वो शीने उंचीचं, खोलीचं आणि सपाटीचं असं तीन प्रकारचं अंतर सांगितलं. एकाच चित्रात नजर हे तिन्ही फिरून येते. पुढे अठराव्या शतकात इटालियन जेझुइट कास्तिल्योने पेकिंगच्या दरबारात चित्रं काढत होता, तेव्हाही चित्रकार झोउ यीक्वेईने मान्य केलं की पाश्चात्त्यांची रंगवलेली घरं पाहून आत शिरावंसं वाटतं. पण त्याच्या लेखी ती कारागिरी, चित्रकला नव्हे.

मुंबईच्या खाडीपलीकडच्या आमच्या गव्हाणच्या माणसाला पाहायच्या या दोन्ही तऱ्हा समजायला अवघड जाऊ नये. इथल्या शिवाजीनगरहून गाडी मुंबईला जाणाऱ्या अटल सेतूवर चढली की दोन्ही कठडे दूरवर एका ठिपक्याला भिडायला धावतात. आल्बर्टीने १४३५ साली ग्रंथात मांडलेलं जग ते हेच. पण घरी आल्यावर तोच माणूस प्रवास सांगतो तो असा : आधी न्हावा, मग घारापुरी, मग ट्रॉम्बेचा डोंगर, मग शिवडीचे फ्लेमिंगो. चिनी गुंडाळीपट असाच हातभर उलगडत, मागचा भाग गुंडाळत पाहायचा असतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न अजिंठ्यात येऊन उभा राहतो. १८५७ साली मुंबईत सुरू झालेली जे.जे. कला शाळा सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभी राहिली आणि त्यांची संपत्ती मुख्यतः चीनच्या व्यापारातली, अफू आणि कापसाची. तिथे शिकवलं मात्र युरोपचं यथार्थदर्शन. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून पेस्तनजी बोमनजी आणि इतर विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या नकला करू लागले. ते काम १८८५पर्यंत चाललं. ग्रिफिथ्स यांचं अजिंठ्यावर खरं प्रेम होतं; भारतीय विद्यार्थ्यांनी इथूनच शिकावं, असा त्यांचा आग्रह होता. तरी सोळाव्या लेण्यातल्या मरणासन्न राजकन्येची वाखाणणी करताना रेखाटन फ्लॉरेन्सवाल्यांनी अधिक सरस केलं असतं, हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. तराजू तिकडचाच.

सतराव्या लेण्यातली सिंहल व्यापाऱ्याच्या कथेची भिंत त्या तराजूत मावत नाही. फुटलेलं जहाज, राक्षसींचं बेट, राजाचा महाल, नावांतून उतरणारे हत्ती आणि घोडे, सगळं एकाच भिंतीवर. प्रसंग काळाच्या क्रमाने लागलेले नाहीत. ते घडले त्या ठिकाणांप्रमाणे गोळा झालेत. मंडपाचे खांब बारीक, म्हणजे आतली माणसं झाकली जात नाहीत. मागे बसलेली माणसं लहान होत नाहीत, वर सरकतात. खडक चौकोनी ठोकळ्यांचे, आणि तेच एका प्रसंगाला दुसऱ्यापासून वेगळं करतात. मागच्या परसातलं दिसायला हवं, ही शन कुओची मागणी इथे त्याच्या सहाशे वर्षं आधी पुरी झाली आहे. अजिंठा चिनी नाही, पण पाहणाऱ्याला एका जागी खिळवायचं नाही, या बाबतीत त्याचं नातं फ्लॉरेन्सपेक्षा गुंडाळीपटाशी जवळचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

ग्रिफिथ्स यांच्या चमूच्या बऱ्याच नकला १८८५ साली लंडनच्या आगीत गेल्या. त्याआधी लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या नकलांचीही १८६६ साली क्रिस्टल पॅलेसमध्ये हीच गत झाली होती. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

आणि १९५० साली या लेण्यांत चांग ताछ्येन आला. विसाव्या शतकातला हा नामांकित चिनी चित्रकार १९४१ ते १९४३ या काळात चीनमधल्या तुनहुआंगच्या गुहांतल्या चित्रांच्या नकला करत बसला होता. तिथली कला आणि अजिंठ्याची कला ताडून पाहायला तो इथवर आला. वळचण वरून पाहायच्या परंपरेत वाढलेला डोळा आणि ग्रिफिथ्स यांचा डोळा, दोघांनी याच लेण्यांतून काय उचललं आणि काय सोडलं, हे शेजारी शेजारी ठेवून तपासायला हवं. जे.जे.च्याच एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.