टाकीतलं पेट्रोल, बोअरचं पाणी

सहस्रकुंडाचं पाणी खडकावरून कोसळताना दिसतं. खडकाच्या पोटातून ते कसं जातं, हे मात्र इस्लापुरात राहूनही आपल्याला दिसत नाही. मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून फिरतं. म्हणून तर एकाचं बोअर कोरडं जातं आणि बांधापलीकडच्याला पाणी लागतं.

पेट्रोल पंपाची टाकी जमिनीत पुरलेली असते. ती गंजली किंवा नळीचा जोड सुटला, की इंधन थेंबाथेंबानं मातीत उतरतं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं खरं. पण त्यातलं बेंझीन पाण्यात विरघळून भेगेची वाट धरतं. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग, एवढीच ठेवली आहे. तेवढ्याचा वास नाकाला येत नाही.

चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये २०१३ साली बोअरच्या पाण्यात इंधन आलं. तिथं जमिनीखालची पाइपलाइन गळत होती.

पंपावर टाकीत खुणांची काठी बुडवून रोज साठा मोजतात. विक्री वजा जाता हिशेब कमी भरू लागला, की पहिला संशय पगारी पोरावर. टाकीवर संशय घ्यायचं कुणाला सुचत नाही!

पाण्याला रॉकेलसारखा वास आला, तर ते उकळत बसू नका. वाफ घरातच पसरते. पिणं थांबवा आणि ग्रामपंचायतीला कळवा. नमुना देताना इंधनाची तपासणी हवी, असं स्पष्ट सांगा. नेहमीच्या तपासणीत बेंझीन मोजत नाहीत.