लाकडी सांगाड्याच्या जुन्या मोटारीचे दार अडते तेव्हा

१९४५ ते १९४९ या काळात तयार झालेल्या एमजी टीसीसारख्या मोटारीत पोलादी चासीवर ॲश लाकडाचा सांगाडा आणि त्यावर पत्रा अशी रचना असल्यामुळे, अडणारे दार हा मुळात सुतारकामाचा प्रश्न ठरतो. बेंगळुरूच्या पावसाळी दमट हवेत लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत पुन्हा आकसते. म्हणून पावसाळ्यात घाईने रंधा मारल्यास उन्हाळ्यात तिथेच फट पडते.

आधी दाराच्या कडेला खडू लावून ते बंद करावे, म्हणजे घासणारी जागा चौकटीवर उमटते. त्यानंतर अर्धवट उघडे दार हाताने उचलून पाहावे. ते वरखाली हलल्यास दोष बिजागरीच्या झिजलेल्या खिळीत किंवा स्क्रू धरणाऱ्या कुजलेल्या लाकडात असतो. बिजागरी घट्ट असूनही फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसत असेल, तर बॉडी व चासी यांच्यामधील पॅकिंग, म्हणजे उंची जुळवणाऱ्या पातळ चकत्या, तपासाव्यात, कारण त्या दबल्या की चौकटच तिरपी होते.

रंधा हा अखेरचा उपाय असून, तासलेल्या कडांवर, विशेषतः जिथे लाकडाच्या रेषांची टोके उघडी पडतात तिथे, वॉर्निश चढवणे अगत्याचे आहे, कारण पाणी तिथूनच सर्वाधिक शिरते.