काठावरून चालवायची नौका

धामणगाव बढे हे आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात आहे. समुद्र येथून सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. जहाज म्हणजे आमच्याकडच्या मुलांच्या दृष्टीने पुस्तकातले चित्र. अशा या गावी गेल्या दिवाळीच्या सुटीत दहावीतली चार मुले आणि मी, अशा पाच जणांनी मिळून रेडिओवर चालणारी एक नौका बांधली. ती तरंगली, वळली, धावली आणि चौथ्या दिवशी पाझर तलावाच्या मधोमध जाऊन थांबली. त्या थांबण्यातून आम्ही जे शिकलो, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. पण आधी नौकेची ओळख करून घेऊ.

जत्रेत मिळणारी पत्र्याची फटफट करणारी आगबोट तुमच्यापैकी पुष्कळांनी परातीत फिरवली असेल. वात पेटवली की ती चालू लागते. मात्र एकदा हातातून सुटली की ती जाईल तिकडे जाईल. रेडिओ-नौकेचे तसे नाही. ती हातातून सुटली तरी आज्ञेतून सुटत नाही.

ही कल्पना नवी नाही. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक लहान नौका सोडली आणि दूर उभे राहून, मध्ये कोणतीही तार नसताना, ती चालवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी त्याला तिचे पेटंट मिळाले. त्याच्या आधी, १८९५ च्या सुमारास, आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात विद्युत्‌चुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. लहर दूर जाऊन काम करू शकते, हे बोस यांनी दाखवले. त्या कामाला टेस्लाने दिशा दिली.

आज्ञा कशी पोचते?

तुमच्या हातात असतो तो प्रेषक. नौकेत असतो तो ग्राहक. प्रेषकावरची दांडी तुम्ही डावीकडे सरकवली की तेवढी खबर लहरींवरून ग्राहकाकडे जाते. ग्राहक ती 'सर्व्हो' नावाच्या लहानशा मोटरयंत्राला विजेच्या ठोक्यांच्या रूपाने देतो. हे ठोके सेकंदाला सुमारे ५० येतात. ठोका दीड मिलिसेकंद टिकला तर सर्व्होचा हात मध्यावर राहतो, एक मिलिसेकंद टिकला तर एका टोकाला जातो आणि दोन मिलिसेकंद टिकला तर दुसऱ्या टोकाला. या हाताला तारेने सुकाणू जोडलेले असते. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागातला फरक नौकेची दिशा ठरवतो!

पूर्वीचे पुष्कळ संच २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालत. शेजारच्या मुलाचा प्रेषक त्याच वारंवारतेचा असला, तर एकाची नौका दुसऱ्याच्या आज्ञेने वळे. आताचे संच २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. त्यात ग्राहक आपल्याच प्रेषकाची खूण ओळखतो, त्यामुळे ही भानगड राहिली नाही. मात्र या लहरींची लांबी अवघी साडेबारा सेंटिमीटर असते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडेल.

बांधण्यापूर्वी गणित

मुलांना वाटले होते की आधी लाकूड कापायचे. मी म्हटले, आधी वजन करायचे. आमची नौका ६० सेंटिमीटर लांब, १६ सेंटिमीटर रुंद आणि पाण्यात ५ सेंटिमीटर बुडणारी अशी ठरली. ती पेटीसारखी चौकोनी असती, तर तिने ४८०० घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारले असते. पण नौकेची नाळ निमुळती आणि तळ गोलसर, म्हणून आम्ही त्याचे ६० टक्के धरले, म्हणजे २८८० घन सेंटिमीटर. एक घन सेंटिमीटर पाण्याचे वस्तुमान एक ग्रॅम. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार नौका सर्व सामानासह २८८० ग्रॅम भरली, की बरोबर आखलेल्या रेषेपर्यंत बुडेल.

आता जमाखर्च पाहा. तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा सांगाडा आणि तळ ९०० ग्रॅम, ६ व्होल्टची बॅटरी ७५०, मोटर, दांडा व पंखा २५०, ग्राहक, सर्व्हो व वेग-नियंत्रक १५०, वरची फळी आणि केबिन २५०. बेरीज २३०० ग्रॅम. उरले ५८० ग्रॅम. एवढे लोखंडाचे तुकडे आम्ही तळाशी पक्के बसवले. जहाजाला स्थैर्य यावे म्हणून भरतात त्या वजनाला मराठीत 'नीरम' म्हणतात.

नीरम तळाशीच का? आमची पहिली केबिन जाड लाकडाची आणि उंच झाली होती. गुरांच्या हौदात नौका सोडताच ती एका अंगाला कलली आणि पुन्हा सरळ होईना. नौका कलते तेव्हा बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि प्लावक बलाचा मध्य कललेल्या बाजूकडे सरकतो. गुरुत्वमध्य पुरेसा खाली असेल, तर ही दोन बले मिळून नौकेला सरळ करतात. तो फार वर असेल, तर तीच दोन बले तिला उलथवतात. आम्ही केबिन पातळ फळीची केली, लोखंड तळाला स्क्रूने आवळले आणि नौका हाताने कलवली तरी डुलून सरळ होऊ लागली.

लहान नौका आणि मोठे जहाज

मुंबई हाय येथील तेलविहिरींना सामान पोचवणारी काही जहाजे साठ मीटरच्या आसपास लांब असतात. आमची नौका त्यांच्या शंभराव्या भागाएवढी म्हणता येईल. लांबी शंभरपट कमी, पण वजन किती कमी? शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा लाख पट! आणि वेग? विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने टॉर्की येथे १८७२ साली लांबलचक हौद बांधून जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. लाटांच्या बाबतीत प्रतिकृती जहाजासारखी वागायला हवी असेल, तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी करावा, असा नियम त्याने दाखवून दिला. शंभराचे वर्गमूळ दहा. जहाज ताशी १८ किलोमीटर जात असेल, तर आमच्या नौकेने ताशी १.८ किलोमीटरच जावे. तिला भरधाव सोडले, तर ती जहाजासारखी न दिसता खेळण्यासारखी दिसते. तसेच, तलावावरची दोन सेंटिमीटरची लाट तिच्या मापाने दोन मीटरची असते!

प्रतिकृतीवरून खऱ्याचा अंदाज घेण्याचे हे शास्त्र आपल्या महाराष्ट्रातही चालते. पुण्याजवळ खडकवासला येथे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. १९१६ साली सुरू झालेल्या या संस्थेत धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती बांधून पाण्याचे वागणे तपासले जाते.

ती दुपार

आता पुन्हा तलावावर जाऊ. जमिनीवर आम्ही नौका स्टुलावर ठेवून दीडशे पावलांवरून सुकाणू हलवून पाहिले होते. सर्व काही ठीक होते. तलावात मात्र ती जेमतेम ऐंशी पावलांवर गेली आणि थांबली. दांडी हलवून उपयोग होईना.

एका मुलाने सदरा काढायला सुरुवात केली. "सर, मी आणतो काढून. मले पोहता येते."

मी त्याचा हात धरला. विहिरीत पोहणे वेगळे आणि पाझर तलावात शिरणे वेगळे. तळाशी गाळ असतो, बाभळीच्या फांद्या असतात, गार पाण्यात पाय आखडतात. नौका तीन किलोची होती. तिच्यासाठी पाण्यात उतरायचे नाही, असे मी सांगितले. मुलगा नाराज झाला. मग आम्ही पाचही जण काठावर बसलो. वारा होताच. दीड तासाने नौका सरकत सरकत पलीकडच्या काठाकडे निघाली, तेव्हा आम्ही तलावाला वळसा घालून तिकडे गेलो. ती वीस पावलांवर आली आणि तिचा पंखा आपोआप फिरू लागला!

तो नाराज मुलगाच प्रथम ओरडला, "सर, म्हणजे बॅटरी संपली नव्हती!" अगदी बरोबर. बॅटरी चांगली, मोटर चांगली. पोचत नव्हती ती आज्ञा. झाकण उघडून पाहिले तेव्हा ग्राहकाची अँटेना तळाशी, नीरमाच्या शेजारी लोळत होती. म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या खाली! २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाणी फार झपाट्याने शोषून घेते. काही सेंटिमीटर थरातच त्यांची बहुतेक ऊर्जा संपते. मायक्रोवेव्ह भट्टीत ओलसर अन्न तापते ते जवळजवळ याच वारंवारतेच्या लहरींनी. स्टुलावर अँटेना उंच होती, मध्ये पाणी नव्हते. तलावात ती जणू पाण्याआड दडली होती. जवळून लहरी जोरदार असल्याने थोड्या तरी पोचत, दुरून मात्र नाही. आम्ही अँटेना केबिनच्या छताखाली उभी बसवली. दुसऱ्या दिवशी नौका दीडशे पावलांवरून परत आली.

एक गोष्ट मात्र आम्ही आधीच बरोबर केली होती. आज्ञा तुटली तर मोटर आपोआप बंद व्हावी, अशी सोय ग्राहकात करून ठेवली होती. ती नसती, तर नौका अखेरच्या आज्ञेवर तशीच धावत राहिली असती.

तुम्ही बांधाल तेव्हा

सुमारे दोन लिटर थर्मोकोल आत पक्का बसवा. मग पाणी भरले तरी नौका बुडणार नाही. पंख्याच्या दांड्याच्या नळीत ग्रीस भरा, नाहीतर पाणी तेथूनच शिरते. बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना लागू देऊ नका, आणि तारेत फ्यूज घाला. नौका तुमच्याकडे तोंड करून येते, तेव्हा तिचे उजवे तुमच्या डावीकडे असते. म्हणून वळणे आधी जवळ आणि सावकाश करून पाहा. आपल्याच जिल्ह्यातल्या लोणार सरोवरात मात्र नौका सोडू नका. ते अभयारण्य आहे. खाऱ्या पाण्यात नौका किती वर उचलली जाते, ते घरच्या बादलीत मीठ घालूनही पाहता येते.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागात जहाजांच्या प्रतिकृती बांधणे हा प्रशिक्षणाचा भाग आहे, आणि नौसैनिक शिबिरात त्यांच्या स्पर्धाही होतात. समुद्र नसलेल्या नागपुरातही असे नौदल पथक आहे. तेव्हा समुद्र दूर आहे ही अडचण मानू नका.

आमच्या नौकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मुलांनी आता एक यादी चिकटवली आहे. अँटेना वर आहे का, मोटर आपोआप थांबते का, थर्मोकोल बसवला आहे का, झाकण घट्ट आहे का. सगळ्यांत खाली त्या सदरा काढणाऱ्या मुलाच्या अक्षरात लिहिले आहे: 'नौका थांबली तर आपण वाऱ्याची वाट पाहायची.' यादी पूर्ण वाचल्याशिवाय नौका पाण्यात उतरत नाही. काठ सोडल्यानंतर आपला हात तिच्यापर्यंत पोचत नाही. तिच्याबरोबर जाते ते फक्त आपण काठावर केलेले काम.