बाळाचं तोंड मागे का हवं?

गाडीत बाळाला मांडीवर घेऊन बसणं आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे, की त्यात जिवाचा धोका आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सरासरी १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. आईची माया कितीही असो, तिच्या हातांना हे झेपणं शक्य नाही. तिनं पट्टा लावला नसेल, तर तिचा स्वतःचा भारही बाळावरच येतो.

म्हणून चाइल्ड सीट हवी, आणि तान्ह्या बाळासाठी ती मागे तोंड करूनच हवी. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं. मानेचे मणकेही एकसंध नसतात. प्रत्येकाचे तुकडे कूर्चेनं जोडलेले असतात आणि ते सांधायला काही वर्षं जातात. बाळ पुढे तोंड करून बसलं असेल, तर समोरून धडक बसताच पट्टे धड आवळून धरतात, डोकं मात्र पुढे झेपावतं आणि सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. तोंड मागे असेल, तर डोकं, मान आणि पाठ एकदमच सीटच्या पाठीत दाबली जातात आणि जोर पाठभर वाटला जातो.

उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसणाऱ्या अंतराळवीरांवरून स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना सुचली. १९६४ साली अशा सीटची चाचणी व्होल्वो गाडीत झाली. युरोपातल्या ‘आर १२९’ नियमानुसार किमान १५ महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवावं लागतं. मी तर म्हणेन, सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसतंय तोवर ते तसंच बसू द्या. ‘पाय अवघडतील’ ही आजीची काळजी समजते, पण मुलं खुशाल पाय दुमडून बसतात.

सीट मागच्या बाकावरच लावा. पुढे एअरबॅग चालू असेल, तर ती मागे तोंड केलेल्या सीटच्या पाठीवरच आदळते आणि तो फटका जीवघेणा ठरू शकतो.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल, तर १,००० रुपये दंड आहे. पण नुसती सीट घेऊन भागत नाही. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून पाहा. घडी पडली तर तो सैल आहे. जाड स्वेटर आधी काढा, पट्टे आवळा आणि दुपटं वरून पांघरा.