वीज नसलेल्या रात्री मुलांसह मुक्काम

नाताळची सुट्टी लागते, शेतात ज्वारी हुरड्याला येते आणि घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. अलीकडे यात तंबूतल्या मुक्कामाची भर पडली आहे. भंडारदरा, पवना यांसारख्या जलाशयांच्या काठी तंबू भाड्याने मिळतात. काही कुटुंबे आपल्याच शेतावर एक रात्र काढतात. मोकळी हवा, थंडी आणि चुलीवरचे जेवण मोठ्यांना हवेहवेसे वाटते. मात्र बरोबर तीन-चार वर्षांचे मूल असले की अंधार पडताच त्याची चुळबुळ सुरू होते. ‘लाइट लाव’, ‘घरी चल’ असा धोशा लागतो आणि पहिल्या अर्ध्या तासातच आई किंवा वडील खिशातला मोबाईल काढून त्याच्या हातात देतात. मग तंबूत असूनही ती संध्याकाळ घरच्यासारखीच जाते.

डिसेंबरअखेर आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उजाडायला सात वाजतात. म्हणजे प्रश्न खरे तर दोन-अडीच तासांचाच असतो: दिवेलागणीपासून मूल झोपेपर्यंतचा. या वेळेची आखणी आधी केली तर ती रात्र मुलाला आनंद देते, अंधाराची भीती कमी करते आणि गाढ झोपही देते.

अंधार आणि झोप

अंधार पडू लागला की मेंदूतील एका ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीर झोपेची तयारी करते. विजेच्या प्रखर उजेडाने हा स्राव लांबतो. लहान मुलांची दृष्टी उजेडाला अधिक संवेदनशील असल्याने त्यांच्यावर हा परिणाम जास्त होतो. २०१३ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी आठ प्रौढांना आठवडाभर डोंगरात तंबूंमध्ये ठेवले. त्यांच्याजवळ विजेरीही नव्हती. उजेड फक्त सूर्याचा आणि शेकोटीचा. आठवड्याअखेरीस त्यांचे झोपेचे घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे सरकलेले आढळले. एका रात्रीत मुलाची सवय बदलेल असा याचा अर्थ नव्हे. पण उशिरापर्यंत जागणाऱ्या मुलाच्या झोपेशी घरातल्या उजेडाचा संबंध आहे, हे पालकांच्या ध्यानात यावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सल्ल्यानुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी १ तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये. ३ ते ४ वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास झोप हवी. मुक्कामाची एक रात्र ही या दृष्टीने चांगली सुरुवात ठरू शकते.

दिवस कसा निवडावा

घरातील दिनदर्शिका पाहून तारीख ठरवावी. मूल अंधाराला घाबरत असेल तर शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या आसपासची रात्र उत्तम. सूर्य मावळतो तेव्हाच चंद्र डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. मूल जागे असेपर्यंत चांदणे पुरते. थोडी मोठी, धीट मुले असतील तर अमावस्येच्या आसपास जावे. चांदण्या भरपूर दिसतात. त्याआधी एकदा घराच्या गच्चीवर किंवा अंगणात दिवे मालवून तासभर बसून पाहावे. वर्षाच्या आतील बाळाला मात्र थंडीत उघड्यावर मुक्कामाला नेऊ नये.

उजेड असतानाची कामे

लहान मुलांना खेळण्यांइतकीच खऱ्या कामांची हौस असते. तंबूच्या खुंट्या मोजून हातात देणे, आपले अंथरूण कुठे ते ठरवणे, पाण्याची बाटली एका ठरलेल्या जागी ठेवणे ही कामे त्यांना सांगावीत. दगड मांडून तंबूभोवती रिंगण करावे आणि ‘याच्या बाहेर मोठ्यांचा हात धरूनच जायचे’ असा नियम करावा. दगड मात्र मोठ्यांनीच उचलावेत, कारण विंचू त्यांच्याखालीच असतात. पळापळीचे खेळ, लगोरी, चेंडू हे सारे सूर्यास्तापूर्वी उरकावे. जेवणही उजेडातच करावे. अंधारात घास नीट दिसत नाही. अख्खे शेंगदाणे, हरभरे, बोरांच्या बिया चार-पाच वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतात. हुरडाही त्यांना थोडा थोडा, बसवून आणि चावून खायला सांगून द्यावा.

अंधारातले खेळ

पहिला खेळ डोळ्यांचा. विजेरी बंद करून मुलाला मांडीवर घ्यावे. सुरुवातीला काहीच दिसत नाही. थोड्या वेळाने झाडाचा शेंडा दिसतो, मग बांध, मग बाबांचा चेहरा. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. ‘आता नवीन काय दिसले?’ असे अधूनमधून विचारत राहावे. अंधारातही आपल्याला दिसते, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी कळते. भीती घालवण्याचा याहून सोपा उपाय नाही.

दुसरा खेळ कानांचा. डोळे मिटून, नवा आवाज ऐकू आला की एक बोट उघडायचे. रातकिडे, टिटवी, पिंगळा, दूरच्या वस्तीवरचा कुत्रा, पाण्याच्या मोटारीची घरघर. पाच बोटे उघडायला फार वेळ लागत नाही. नाव कळलेल्या आवाजाची भीती वाटत नाही.

तिसरा खेळ सावल्यांचा. दोरीवर पांढरे धोतर किंवा चादर टाकून मागे विजेरी ठेवावी. हातांचा ससा, कुत्रा, पाखरू करून दाखवावे. हात उजेडाजवळ नेला की ससा हत्तीएवढा होतो, हे मूल आपण होऊनच शोधून काढते. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांच्या छायाखेळाची कला पिढ्यानपिढ्या जपली आहे. तिथेही पडदा, दिवा आणि गोष्ट एवढ्यावरच खेळ रंगतो.

चौथा खेळ आकाशाचा. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीपर्यंत रात्री साडेआठच्या सुमारास आकाशात मृग नक्षत्र सहज ओळखता येते. त्यातील एका ओळीतले तीन तारे म्हणजे हरणाला लागलेला बाण. त्या ओळीच्या रोखाने आग्नेयेकडे पाहिले की व्याध दिसतो. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा. उंच डोक्याकडे कृत्तिकांचा पुंजका असतो. त्यात किती तारे दिसतात ते प्रत्येकाने मोजावे. बहुतेकांना सहा दिसतात. लहान मुलाला इतका वेळ जागे ठेवण्याची गरज नाही. दिसल्या तेवढ्या चांदण्या पुरेत.

शेवटी अंथरुणात गोष्ट. चिमणी-कावळ्याची ठाऊक असलेली गोष्ट नव्या गोष्टीपेक्षा बरी. अनोळखी जागी ओळखीची गोष्ट मुलाला धीर देते. एक वाक्य आपण, एक वाक्य त्याने, अशीही ती सांगता येते. भुताखेतांच्या गोष्टी आणि ‘बागुलबुवा येईल’ ही धमकी मात्र वर्ज्य. साधारण दोन-तीन वर्षांपासून अंधाराची भीती वाटणे स्वाभाविक आहे. मूल रडले तर त्याची थट्टा करू नये. जवळ घ्यावे, विजेरी त्याच्या हाती द्यावी. ती कधी लावायची हे त्यानेच ठरवावे.

सुरक्षिततेचे नियम

शेगडी, कोळसे, स्टोव्ह किंवा पेटता कंदील तंबूत कधीही ठेवू नये. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतच माणूस दगावतो. ऊब हवी असेल तर जमिनीवर सतरंजी आणि घोंगडी जाड अंथरावी, कारण थंडी खालूनच अधिक चढते. शेकोटी पाणी टाकून पूर्ण विझवावी. नुसत्या मातीखाली निखारे तासन्तास गरम राहतात आणि मूल त्यावर पाय देते.

मुलाला देण्याची विजेरी पेन्सिल सेलची, स्क्रूने बंद होणारी असावी. बटणासारखे चपटे सेल असलेले चमकणारे खेळणे लहान मुलाला देऊ नये. असा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी तडक रुग्णालय गाठावे.

पाण्याच्या काठावर मूल कायम हाताच्या अंतरावर हवे. पाणी उकळून न्यावे. झोपताना मच्छरदाणी लावावी आणि अंगभर कपडे घालावेत. सकाळी बूट झटकूनच पायात घालावेत. जलसंजीवनीची पाकिटे जवळ असावीत. नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचाच घ्यावा.

विंचू चावल्यावर मुलाला घाम येणे, उलटी होणे, हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे आहेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून अशा दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. पण औषध वेळेवर मिळायला हवे. साप चावल्यास जागा कापू नये, आवळून बांधू नये. अवयव हलू न देता मुलाला उचलून रुग्णालयात न्यावे. त्यासाठी जवळचे ग्रामीण रुग्णालय कुठे आहे आणि १०८ ला फोन लावायला रेंज कुठे मिळते, हे दिवसाउजेडीच पाहून ठेवावे. मोबाईलची बॅटरी याच कामासाठी राखावी. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर आपण उघड्यावर राहिलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

घरी परतल्यावर

सकाळी मूल पाखरांच्या आवाजाने उठेल तेव्हा त्याला लगेच आवराआवरीच्या घाईत ओढू नये. रात्री काय काय दिसले, ते त्याच्याकडून ऐकावे. आणि यातला एखादा खेळ घरीही चालू ठेवावा. आठवड्यातून एका संध्याकाळी जेवणानंतर तासभर दिवे मंद करावेत, टीव्ही आणि मोबाईल बाजूला ठेवावेत, भिंतीवर ससा उमटवावा. याला खर्च काही नाही. मुलांना आईवडिलांचा वेळ मिळतो आणि झोपही वेळेवर येते.