पाला खाणारा बगीरा

बगीरा म्हटले की मोगलीचा सखा, तो काळा बिबळ्या आठवतो. कोळ्यांच्या एका प्रजातीचेही हेच नाव आहे. जॉर्ज पेकहॅम (हे पूर्वी मिल्वाकीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवीत) आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी १८९६ साली तिचे वर्णन केले व तिच्यातील एका जातीला ‘बगीरा किपलिंगी’ असे नाव दिले. त्यांच्याजवळ फक्त नराचा नमुना होता. मादीचे वर्णन व्हायला १९९६ साल उजाडले!

आपल्या घरच्या भिंतीवर माशीवर झेप घेणारा जो छोटा कोळी दिसतो, त्याच्याच कुळातला हा. मोठे डोळे, अचूक उडी, सारी सामग्री शिकाऱ्याचीच. पण मेक्सिको व मध्य अमेरिकेत तो आपल्या बाभळीच्या एका नातलग झाडावर राहतो. या झाडाचे काटे बैलाच्या शिंगांसारखे फुगीर व पोकळ असतात. त्यांत मुंग्या राहतात. झाड त्यांना गोड रस देते, शिवाय पर्णिकांच्या टोकांवर प्रथिनयुक्त दाणे देते. मोबदल्यात मुंग्या पाने खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. निसर्गातील सहकार्याचे हे उदाहरण वर्गात हमखास सांगितले जाते.

बगीरा मुंग्यांचा हा पगार पळवतो, राखण मात्र करीत नाही. मुंग्यांची गस्त विरळ असते अशा जुन्या पानांवर तो घरटे बांधतो. मुंगी समोर आली तर उडी मारतो किंवा धाग्याला लोंबकळतो.

एरिक ओल्सन यांनी २००१ साली कोस्टा रिकात, तर ख्रिस्तोफर मीहन यांनी २००७ साली मेक्सिकोत हे स्वतंत्रपणे पाहिले. दोघांचा एकत्रित शोधनिबंध २००९ मध्ये आला. मेक्सिकोतील बगीराच्या आहारात हे दाणे ९० टक्क्यांहून अधिक, तर कोस्टा रिकात सुमारे ६० टक्के होते.

केवळ डोळ्यांवर विसंबून चालत नाही, म्हणून रसायनशास्त्राची साक्ष काढली गेली. अन्नसाखळीत एकेक पायरी वर चढताना प्राण्यांच्या शरीरात नायट्रोजन-१५ या जड समस्थानिकाचे प्रमाण थोडे थोडे वाढत जाते. बगीरात ते इतर कोळ्यांपेक्षा कमी भरले. आम्हांला या शोधातील हाच भाग सर्वांत समाधानकारक वाटतो. कोळ्याने काल काय खाल्ले एवढेच नव्हे, तर एरवी काय खाल्ले तेही त्याचे शरीर सांगते.

मात्र ‘शुद्ध शाकाहारी’ हे बिरुद त्याला देता येणार नाही. संधी मिळाली की तो मुंग्यांच्या अळ्या पळवतो आणि कोरड्या ऋतूत कधीकधी आपल्याच जातभाईंवर ताव मारतो.