किलोमीटर नव्हे, बसण्याचे तास मोजा!

"डॉक्टर, पंढरीची वारी पायी केली आहे. विमानात तर नुसते बसायचे. त्याला कसली तपासणी?" न्यूयॉर्कला मुलाकडे निघालेले आळंदीचे एक आजोबा विचारत होते.

आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे 250 किलोमीटरची. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर, म्हणजे पन्नासपट! थेट विमानाला 15 ते 16 तास लागतात. त्यात आळंदीहून मुंबईपर्यंत गाडीचे चार-पाच तास, विमान सुटण्याआधीचे तीन तास आणि उतरल्यावरची रांग मिळवा. घर ते घर हा प्रवास 24 तासांच्या पुढे जातो. त्यातला बहुतेक वेळ आपण बसून असतो आणि त्रासाचे मूळ तिथेच आहे.

चालताना पोटरीचे स्नायू पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन् तास बसल्यावर हे काम मंदावते आणि शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसांत तो साधारण सहा हजारांत एकालाच संभवतो. म्हणून घाबरू नये, पण गाफीलही राहू नये. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, कर्करोगाच्या किंवा पूर्वी गुठळी झालेल्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना भेटावे.

उपाय सोपे आहेत. दर तास-दोन तासांनी उठून फेरी मारा. बसल्या जागी पावले वर-खाली हलवा. पाणी पीत राहा, मद्य टाळा. झोपेची गोळी किंवा अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका.

मधुमेहींनी घड्याळाकडे विशेष लक्ष द्यावे. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असते. मध्यरात्रीनंतर एकला मुंबई सोडलेले विमान तिथे त्याच तारखेला सकाळी सहाच्या सुमारास उतरते. शरीराच्या हिशेबी मात्र दुपारचे साडेचार झालेले असतात! त्यामुळे गोळ्या व इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्सुलिन आणि औषधे जवळच्या पिशवीत, चिठ्ठीसह ठेवा. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते.

पोहोचल्यावर दिवसा उन्हात फिरा, रात्री तिथल्या वेळेने झोपा. झोपेची घडी बसायला आठवडाभर किंवा थोडे अधिक लागते.

प्रवासानंतर काही आठवड्यांत एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालयात जा. लांबचा प्रवास झाला आहे, हे आवर्जून सांगा.

आजोबांना एवढेच सांगितले, "वारीत पाय चालतात म्हणून रक्तही चालते. विमानातही थोडी वारी करा!"